प्रश्न तुझा, पण दप्तर कुणाचं?

अगं, ग्रामसभेची नोटीस लागल्यापासून तुझ्या डोक्यात नुसता कालवा चाललाय ना? रेशनकार्डात नाव चढायचंय, सासऱ्यांच्या पश्चात जमिनीची वारसनोंद व्हायचीय, नळाला पाणी नीट येत नाही आणि दारातला विजेचा खांब वाकलाय. लग्न होऊन म्हसा गावात आलीस त्याला वर्षही झालं नाही आणि एवढं सगळं अंगावर आलंय. घाबरू नको. आधी चहा घे, मग एकेक धागा सोडवू.

खरं सांगू का, तुझे चारही प्रश्न रास्त आहेत. पण ग्रामसभेत चालेल असा त्यातला एकच, पाण्याचा. बाकीचे तिथे काढलेस तर कुणीतरी म्हणेल, ‘हा विषय इथला नाही,’ आणि तू खाली बसशील. मग पुढच्या वेळी पाण्यासाठीही तुझं तोंड उघडणार नाही, आणि मला काळजी आहे ती त्याचीच. पौषातल्या आपल्या जत्रेत बैलबाजारात उभं राहून कुणी बांगड्या मागत नाही. बांगड्या जत्रेतच मिळतात, फक्त त्यांची ओळ निराळी. कामांचंही तसंच आहे बघ.

म्हणून प्रश्न विचारण्याआधी स्वतःला एवढंच विचार: ही गोष्ट कुणाच्या दप्तरात लिहिलेली असते? ज्याच्याकडे नोंद, त्याच्याकडेच दुरुस्ती.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात घरपट्टी, पाणीपट्टी, गावातले रस्ते, गटारं, दिवाबत्ती आणि जन्म, मृत्यू, विवाहाच्या नोंदी. तुमच्या लग्नाची नोंद राहिली असेल तर तीही इथेच विचार. हे काम ग्रामसेवकांचं. 2024 पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ‘भाऊसाहेब’च चालतं.

जमीन आली की तलाठ्याकडे जायचं. त्यांचंही नवं नाव ग्राम महसूल अधिकारी. वारसनोंदीचा अर्ज त्यांच्याकडे, ते फेरफार धरतात आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. सरपंचांनी कितीही मनावर घेतलं तरी सातबाऱ्यावर त्यांना नाव चढवता येत नाही. मोजणी करायची असेल तर भूमि अभिलेख कार्यालय, तेही वेगळं.

इथे एक गोंधळ हमखास होतो, नीट ऐक. ‘नमुना आठ’ म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, आणि ‘आठ-अ’ म्हणजे तलाठ्याकडचा जमिनीच्या खात्याचा उतारा. फरक एका ‘अ’चा, पण कार्यालयं दोन. कागद मागताना घराचा की जमिनीचा, हे तोंडाने सांगच.

रेशनकार्ड मुरबाडला, तहसीलच्या पुरवठा शाखेत. पण एसटीत बसायच्या आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आण. तो नसेल तर नाव चढत नाही आणि हेलपाटा ठरलेला. खांबाचं काम महावितरणचं. 1912 वर फोन कर, बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेव आणि तक्रारीचा नंबर लिहून घे. आणि वाकलेल्या खांबाजवळ पोरांना खेळू देऊ नको गं, ते आजपासूनच.

आता उरला पाण्याचा प्रश्न. तो मात्र ग्रामसभेत ठणकावून विचार. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असते. तिथे जाच. चारचौघींसमोर बोललीस की आवाज मोकळा होतो, आणि नळाचं रडगाणं तुझ्या एकटीचं नाही, आळीतल्या सगळ्यांचं आहे, हेही कळतं.

नोटिशीवरची विषयपत्रिका शेवटपर्यंत वाच. मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, विकास आराखडा, लाभार्थी निवड असे विषय असतात. तळाशी बहुधा ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ अशी ओळ असते. यादीत पाणी नसेल तर तुझी जागा तीच. त्याहून बरं म्हणजे सभेच्या आधीच पंचायतीत लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे. बोलताना आळी सांग, पाणी कधीपासून नीट येत नाही आणि किती वेळ येतं ते सांग, काय करून हवं ते सांग आणि थांब. त्यात खांब नको, रेशन नको. एका वेळी एकच दुखणं सांगितलं की समोरच्याला टाळता येत नाही. शेवटी म्हण, ‘हे इतिवृत्तात लिहून घ्या.’

आणि चुकून विषय दुसऱ्याच कार्यालयाचा निघाला, तर तोंड पाडून घरी यायचं नाही. लगेच विचारायचं, ‘मग कुठे जाऊ? कुणाला भेटू? कोणते कागद लागतील?’ हे विचारायला लाज कसली? इथेच जन्मलेल्या कित्येकांनाही कोणतं काम कुठे होतं ते ठाऊक नसतं.

एक शेवटचं, आणि हे ऐकायचंच. ग्रामसभेचा सभासद कोण? गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो. तुझं नाव अजून माहेरच्याच यादीत असणार. फॉर्म 8 भरून ते म्हशाला आण. कळलं नाही तर 1950 वर फोन करून विचार, नाहीतर आपल्या भागाच्या बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला गाठ. बाकीची तीन कामं चार दिवस मागेपुढे झाली तरी चालतील, हे मात्र या आठवड्यात. या गावात तुला हक्काने उभं राहून बोलायचंय, तर यादीत तुझं नाव हवंच.