निधी संपल्यावर सुरू होणारं काम

बारावीच्या निकालानंतर पालक हमखास विचारतात, "हिला आरोग्यक्षेत्राची आवड आहे, पण नीटमध्ये जमलं नाही. आता काय?" फिजिओ, फार्मसी, नर्सिंग हे पर्याय घरात बोलून झालेले असतात. आरोग्याचे कार्यक्रम निधी संपल्यावरही टिकतात का आणि कशामुळे, हा अभ्यासही करिअर होऊ शकतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. इम्प्लिमेंटेशन सायन्स या शाखेतलं हे काम.

गडचिरोलीचं बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. हे संशोधन १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११पासून असंच काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे आलं.

आता खरी मेख. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईंनी ४२ दिवसांत सहा भेटी द्यायच्या: वजन, ताप बघायचा, मिनिटभर श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त भरले तर धोका. समजा, सहाही भेटी फॉर्मवर आहेत, पण वजनकाटा कधीचा बिघडलाय. कार्यक्रम चालू म्हणायचा की बंद?

२०१७मध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी केलेली टिकाऊपणाची व्याख्या इथे उपयोगी पडते. ठरावीक काळानंतरही काम किंवा लोकांची बदललेली सवय चालू हवी. परिस्थितीनुसार त्यात फेरफार झाले तरी चालतील, पण फायदा मिळत राहिला पाहिजे. फॉर्म भरले म्हणून कार्यक्रम टिकला असं ही व्याख्या मानत नाही. मग काटा दुरुस्त कोण करणार, पैसे कुठल्या खात्यातून, भेटीत काय बदललं तर चालेल, हे शोधायला माणूस लागतो.

त्यासाठी पदवीनंतर सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच करता येते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (टीआयएसएस), पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ आहे. आकड्यांची गोडी असेल तर देवनारची लोकसंख्या अभ्यासाची संस्था, आयआयपीएस. विज्ञान शाखाच हवी असं सगळीकडे नाही; पात्रता त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. समाजशास्त्राच्या मुलांना उलट इथे भाव आहे, कारण निम्मं काम लोकांशी बोलण्याचं.

पालकांनो, एक गोष्ट आधीच सांगतो. सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. टिकाऊपणाचा अभ्यास करणाऱ्यांचीच नोकरी टिकाऊ नाही, हा विनोद या क्षेत्रातल्यांना फारसा आवडत नाही. म्हणून प्रवेश घेताना फीबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: फील्डवर्क किती महिने, आणि मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत?