नवी सायकल

माझी जुनी सायकल मी १९८४ साली घेतली. शिक्षकाची नोकरी लागून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. दरमहा थोडे थोडे बाजूला टाकून जमविलेल्या पैशांतून घेतलेली ती माझ्या मालकीची पहिली मोठी वस्तू. काळा रंग, दुहेरी दांडी, अठ्ठावीस इंची चाके आणि मागे भक्कम कॅरिअर, असे तिचे रूप होते.

त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. शाळा-कचेऱ्या सुटण्याच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावर घंट्यांचा नुसता गजर चाले. पुढे स्वयंचलित दुचाक्या वाढल्या, मोटारी वाढल्या. सायकली आधी रस्त्याच्या कडेला आणि मग जिन्याखालच्या अंधारात गेल्या. माझी मात्र चालतच राहिली. मी मुख्याध्यापक झालो, यथाकाल निवृत्तही झालो. तरी मंडईतून भाजी आणणे, ग्रंथालयात जाणे आणि संध्याकाळी पर्वतीच्या पायथ्याशी मुलांची शिकवणी घेणे ही सारी कामे मी तिच्याच भरवशावर करीत असे. रविवारी पहाटे नातीला बरोबर घेऊन खडकवासल्यापर्यंत जाण्याचा आमचा परिपाठ होता.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सायकलीतून 'कट्कट्' असा आवाज येऊ लागला. तेल घातले, पण आवाज थांबेना. तेव्हा मी ती आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चिंधीने चिखल पुसला आणि हॅन्डलखालच्या नळीला खालची दांडी जिथे मिळते तिथे बोट ठेवले. केसाएवढी बारीक भेग तिथे पडली होती.

"झाळून द्या," मी म्हणालो.

मिस्त्रींनी मान हलविली. "गुरुजी, नळी आतून गंजली आहे. पातळ झालेल्या पत्र्यावर झाळ धरत नाही. आठ दिवस टिकेल, पंधरा दिवस टिकेल; मग एखाद्या उतारावर पुढचे चाक एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे!"

"सांगाडा बदलता येईल?"

"येईल. पण चाके झिजली, ब्रेक झिजले, पेडलचा आस झिजला. नवा सदरा शिवून त्याला जुनीच बटणे लावायची, तर किती दिवस पुरतील?"

मी हट्ट सोडला नाही. "तुम्ही झाळा तर खरे. पैसे सांगाल तितके देईन."

त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पैसे घेऊन तुम्हाला अपघात विकत देऊ काय, गुरुजी? हे काम मी करणार नाही."

मी सायकल हाताने ढकलीत घरी आणली. वाटेत प्रथम राग आला आणि घर जवळ आले तसा तो ओसरला. समोर चालून आलेले काम आणि पैसे नाकारून ज्याने माझा जीव जपला, त्याच्यावर रागवायचे कसे?

घरी माझ्या मुलाने निराळाच विचार मांडला. तो म्हणाला, "बाबा, आता सायकल पुरे. गेल्या सहा महिन्यांत टांग टाकताना तुम्ही दोनदा पडला आहात. रिक्षाने जात जा."

हे खरे होते. माझा उजवा गुडघा पूर्वीइतका वाकत नाही, आणि उंच दांडीवरून पाय पलीकडे नेताना तोल जातो. मी काही उत्तर दिले नाही. माझी बारा वर्षांची नात मात्र म्हणाली, "मग आजोबा, न पडणारी सायकल घेऊ या की!"

शाळेत असताना कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तिची गरज कागदावर लिहून काढावी, असा माझा नियम असे. तोच कागद मी नातीपुढे ठेवला. आम्ही लिहिले: रोजची ये-जा सात-आठ किलोमीटर, तीही डांबरी रस्त्यावर आणि गर्दीतून, मागे वह्यांची किंवा भाजीची पिशवी, पावसाळ्यातही चालवायची, रविवारी एका बाजूचे पंधरा किलोमीटरांहून अधिक अंतर आणि शेवटी धरणाजवळचा चढ, गुडघा अधू. एवढा कागद घडी करून मी खिशात ठेवला आणि आम्ही दुकानात गेलो.

दुकानात सायकलींची रांगच उभी होती. नातीला पहिल्याच दृष्टिक्षेपात एक लालभडक सायकल आवडली. तिचे टायर दोन इंचांहून जाड व खाचाखाचांचे होते आणि पुढच्या चिमट्यात धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा होत्या. मी तिला विचारले, "या खाचा कशासाठी?" ती म्हणाली, "चिखलात पकड यावी म्हणून." "आपल्या कागदावर चिखलाची पायवाट कुठे आहे?" तिने कागद पाहिला आणि हसली. असे टायर गुळगुळीत रस्त्यावर घरघरतात व चालविणाऱ्याला दमवितात. स्प्रिंगांनी वजन वाढते, आणि उभे राहून पेडल मारताना पायाचा थोडा जोर त्या दाबण्यातच वाया जातो. डोंगरवाटेवर जो गुण, तोच शहरात भार.

दुसरी सायकल शर्यतीची होती. तिचे टायर अंगठ्याएवढे रुंद आणि हॅन्डल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले. उचलून पाहिली तर फुलासारखी हलकी! परंतु तिला मडगार्ड नव्हते, कॅरिअर लावण्यास जागा नव्हती, आणि तिच्यावर बसायचे तर इतके ओणवावे लागे की गर्दीत आजूबाजूला पाहणे कठीण. वेगवान तर ती खरीच. पण वह्यांची पिशवी काय मी दातांत धरणार होतो?

इतक्यात कोपऱ्यात मला माझीच जुनी सायकल दिसली! म्हणजे तशीच, काळी, दुहेरी दांडीची, कोरी करकरीत. अशा सायकली आजही बनतात आणि खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन वाहण्यापासून सर्व कामे करतात. मी तिच्या हॅन्डलवर हात ठेवला आणि दुकानदाराला म्हणालो, "हीच द्या."

नातीने खिशातला कागद मागितला. तो उघडून ती वाचू लागली. "गुडघा अधू. आजोबा, हिची दांडी तर तितकीच उंच आहे. जुन्या ब्रेकचे लोखंडी गज पावसात घसरतात, असे तुम्हीच सांगत होता. ही सायकल तुम्हाला हवी आहे, की तुमच्या सवयीला?"

मुलांनो, चाळीस वर्षे मी वर्गात प्रश्न विचारले. पण असा प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. मी हॅन्डलवरचा हात काढला.

आता दुकानदाराने चौथी सायकल पुढे केली. तिचे टायर मध्यम, म्हणजे सुमारे दीड इंच रुंदीचे होते; खड्ड्याचा धक्का सोसण्याइतके जाड आणि रस्त्यावर सहज धावण्याइतके सडपातळ. हॅन्डल सरळ, त्यामुळे पाठ ताठ राहून समोरचे स्पष्ट दिसे. मडगार्ड व साखळीवरचे झाकण होते, कॅरिअर लावण्यास भोके होती. परंतु तिची दांडी खाली झुकलेली होती. अशा सायकलीला लोक 'बायकांची सायकल' म्हणतात. पाराजवळचे माझे मित्र काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात आला, हे मी कबूल करतो. मग वाटले, पडलो तर मित्र पाहायला येतील. पण गुडघा माझाच फुटेल.

तिला मागे लहानमोठ्या दातेरी चकत्यांचे सात गिअर होते. नातीने विचारले, "गिअरने चढ सोपा कसा होतो?" आम्ही तिथेच दाते मोजले. माझ्या जुन्या सायकलीच्या पुढच्या चकतीला ४८ दाते आणि मागच्या चकतीला १८. म्हणून पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक २⅔ वेळा फिरे. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल जवळजवळ ६ मीटर पुढे जाई, मग सपाटी असो वा चढ. नव्या सायकलीला पुढे ४२ दाते. मागे सर्वांत मोठ्या चकतीला २८ आणि सर्वांत लहान चकतीला १४. मोठी चकती लावली की चाक दीडच वेळा फिरते आणि सायकल सुमारे ३.३ मीटर जाते. लहान लावली की चाक तीन वेळा फिरते आणि ती ६.६ मीटर जाते. चढ तोच आणि आपले वजनही तेच, म्हणून एकूण काम काही कमी होत नाही. मोठे कर्ज लहान हप्त्यांनी फेडावे, तसे ते फेडले जाते. फेरे अधिक मारावे लागतात, पण प्रत्येक फेऱ्याला जोर कमी लागतो.

मग मी सायकलीचे माप पाहिले. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल अगदी खाली न्यावे. पाय नेमका सरळ झाला म्हणजे सीटची उंची योग्य. पुढे चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि त्याच्यावर ताण येत नाही. सीट ठेंगणी ठेवून कितीतरी मुले फुकट गुडघे दुखवून घेतात.

शेवटी दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागून मी दोन्ही चाकांच्या कडा भिजविल्या आणि गल्लीत एक फेरी मारली. ओल्या कडेवर ब्रेकचे रबर प्रथम जरा घसरले, मग चाक धरले गेले. जुन्या सायकलीच्या पोलादी कडांपेक्षा या ॲल्युमिनियमच्या कडा ओल्यातही चांगल्या धरतात. तरी पावसात पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे, हा धडा नातीला मिळाला. पुढचा-मागचा दिवा आणि दोघांसाठी दोन शिरस्त्राणे घेऊनच आम्ही दुकानाबाहेर पडलो.

घरी आल्यावर आम्हाला एक गंमत सुचली. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने दुचाकी बनविली, तेव्हा तिला पेडलच नव्हते. माणूस पायांनी जमीन मागे रेटीत जाई. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी सायकल तयार केली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने सायकलीसाठी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. जुनी आणि नवी सायकल शेजारी उभी करून नातीने पाहिले, तर या साऱ्या गोष्टी दोघींतही होत्या. दोघी एकाच घराण्यातल्या होत्या तर!

जुनीचे काय करावे? तिची घंटा व कॅरिअर मी नवीला बसविले. बाकीची सायकल मिस्त्रींना दिली. भेग पडलेला सांगाडा त्यांनी माझ्यासमोर करवतीने कापला. कोणी अजाणता तो पुन्हा झाळून वापरू नये म्हणून. सीट आणि स्टँड त्यांनी वर्तमानपत्रे टाकणाऱ्या एका मुलाच्या सायकलीला लावले. तो मुलगा सकाळी आमच्या दारावरून जातो, तेव्हा ते सीट मी ओळखतो.

पाराजवळचे मित्र खरोखरच हसले. एकाने विचारले, "काय हो, सूनबाईंची सायकल मागून आणली?" मी म्हणालो, "नाही, नातीने निवडून दिली." आठ दिवसांनी तेच गृहस्थ हळूच येऊन दुकानाचा पत्ता विचारून गेले. त्यांचाही गुडघा दुखतो.

पहिल्याच रविवारी आम्ही दोघे खडकवासल्याला गेलो. धरणाजवळच्या चढावर मागून नातीचा आवाज आला, "आजोबा, मोठी चकती लावा!" मी लावली. पाय भराभर फिरू लागले, सायकल सावकाश पण न थांबता वर चढू लागली. वर पोहोचलो, तेव्हा समोर पाणी उन्हात चमकत होते. नातीने माझ्या हॅन्डलवरची जुनी घंटा दोनदा वाजविली. तिचा आवाज अगदी १९८४ सालचा होता.

स्वाध्याय

१. मिस्त्रींनी सायकल झाळून देण्यास नकार का दिला? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
२. लेखकाने दुकानात जाण्यापूर्वी कागदावर काय काय लिहिले? त्या कागदाचा उपयोग कोणत्या दोन प्रसंगी झाला?
३. 'ही सायकल तुम्हाला हवी आहे, की तुमच्या सवयीला?' या प्रश्नाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. पुढच्या चकतीला ४२ आणि मागच्या चकतीला २१ दाते असतील व चाकाचा परीघ २.२ मीटर असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती अंतर जाईल?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: परिपाठ, भरवसा, अजाणता, यथाकाल.
६. तुमच्या घरातील एखादी वस्तू बदलावयाची आहे, असे समजा. तिची गरज पाच वाक्यांत लिहून काढा.