गोळी गिळायच्या आधी

बापू, ताई-भावजींच्या औषधांचा कारभार आता तुझ्या हाती आला म्हणे. बरं झालं. मोबाइलवर एका गोळीचे पन्नास दुष्परिणाम वाचून रात्री अकराला मावशीला फोन लावणारा तू, म्हणून काही गोष्टी लिहूनच ठेवते. फ्रिजवर चिकटव.

१. नांदेडला डॉक्टर लेनमध्ये जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत भर आणि तिथं टेबलावर ओत — ‘ती पांढरी, बारकी गोळी’ म्हटल्यावर कुठल्याच डॉक्टरला काही कळत नाही. भावजींनी आणलेली गुडघ्याची पुडीसुद्धा त्यात हवी. बिननावाच्या पुडीत कधीकधी स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. चार दिवस गडी पळायला लागतो आणि मग साखर वर चढते.

२. नवी गोळी लिहून दिली की तीन गोष्टी विचारूनच उठ: कशासाठी, किती दिवस, आणि काय झालं तर लगेच यायचं — ‘काही साइड इफेक्ट नाही ना?’ असं विचारलंस तर ‘काही नाही हो’ एवढंच ऐकून परत येशील.

३. गोळी सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिही — पुढं काही नवीन दुखणं निघालं तर आधी तिथंच बघायचं. हे नीट समजून घे, कारण इथंच लई घरं फसतात. अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या घोट्याला सूज येते. रॅमिप्रिल, एनालाप्रिलनं कोरडा खोकला लागतो, तोही कधी काही आठवड्यांनी. मग सुजेसाठी लघवीची गोळी, खोकल्यासाठी सिरप, सिरपनं आलेल्या गुंगीसाठी आणखी काहीतरी. गोळीमागं गोळी, अन् घर झालं मेडिकलची झोळी. खरं तर पहिली गोळी बदलून मिळाली असती. म्हणून डॉक्टरांना साधं विचार, ‘हे औषधामुळं असेल का?’ चांगला डॉक्टर त्यावर चिडत नाही.

४. दुष्परिणामांची यादी वाच, पण वाचून गोळी बंद करू नकोस — त्या यादीत हजारांत एखाद्याला होणारंही छापलेलं असतं. गोळी न घेतल्यावर काय होतं, ते मात्र तिथं छापत नाहीत. बीपीची गोळी सोडून लकव्यानं आडवी झालेली माणसं आपल्या गावात तूही बघितलीस.

५. फिटची, हृदयाची, बीपीची आणि बरेच दिवस चालू असलेली स्टिरॉइडची गोळी स्वतःच्या मनानं एकदम थांबवायची नाही — शरीर तिच्यावर टेकलेलं असतं. कमी करायची ती डॉक्टरांनी सांगितलेल्या पायरीनं.

६. चैत्र-वैशाखात दुखण्याच्या गोळीपासून भावजींना लांब ठेव. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, असा आपला मुलूख. माणूस दिवसभर रानात राबतो आणि पाणी पितो तांब्याभर. त्यात बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वरून डायक्लोफेनॅक — अंगात पाणी कमी असताना ही तिन्ही एकत्र आली की किडनीवर भार येतो, आणि ती आधी ओरडत नाही. पोटात जखम होते ती वेगळीच. कंबर धरली तर आधी शेक द्या, मग डॉक्टरांना विचारून गोळी.

७. नवरात्रात माहूरच्या रेणुकेचा उपवास ताई सोडणार नाही, मला माहीत आहे. पण साखरेची ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहायचं नाही — साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून डोस बदलून आण. रेणुकाआई रागावत नाही, माझ्यावर ढकल.

८. शेजारच्या काकूंना लागू पडलेली गोळी ताईला द्यायची नाही — त्यांची किडनी, त्यांचं वय, त्यांची बाकीची औषधं वेगळी. शेजारणीची गोळी, आपल्या पोटात होळी.

९. लातूरच्या डॉक्टरांनी एका नावाची आणि नांदेडच्यांनी दुसऱ्या नावाची गोळी दिली तर पट्टीवरचं बारीक अक्षर वाच — दोन्हींत टेल्मिसार्टनच निघायचं. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतं. वरून तापाची वेगळी घेतली की डोस दुप्पट आणि ताण लिव्हरवर.

१०. सर्दीची गोळी घेऊन मोटारसायकल काढायची नाही, ट्रॅक्टर तर नाहीच — डुलकी सांगून येत नाही.

११. दात काढायचा असेल तर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे दाताच्या डॉक्टरांना आधी सांग — आणि ती बंद करायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील, तू नाही.

१२. मेडिकलवाला पट्टी कात्रीनं कापतो तेव्हा बघत राहा: तारीख आणि बॅच नंबर बऱ्याचदा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतात. बिल घे, त्यावर दोन्ही असतात — २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलनं छिंदवाड्याची लेकरं गेली, काही तर नागपूरच्या दवाखान्यांत. तेव्हा आपल्या अन्न व औषध प्रशासनानं बॅच नंबर देऊनच ते औषध वापरू नका म्हणून सांगितलं. नंबरच नसेल तर घरातली बाटली तीच की दुसरी, कसं कळणार?

१३. लाल उभी रेघ असलेली पट्टी चिठ्ठीशिवाय मागायची नाही, आणि अँटिबायोटिक ‘बरं वाटायलंय’ म्हणून मध्येच सोडायची नाही — उरलेली डब्यात पडते आणि पुढच्या तापाला कुणीतरी काढतं.

१४. ज्या औषधानं एकदा अंगावर पित्त उठलं त्याचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिही — इमर्जन्सीत आपल्याला विचारायला कुणाला वेळ नसतो, आणि आपल्याला तेव्हा आठवतही नाही.

१५. औषधानं त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या फुकटच्या नंबरावर कामाच्या दिवशी आपणही कळवू शकतो — डॉक्टरच पाहिजे असं नाही. देशभरातून अशी माहिती गाझियाबादच्या केंद्रात जमते.

१६. पण ओठ-जीभ सुजली, धाप लागली, अंगावर फोड उठले किंवा शौचाला काळं झालं, तर नंबर फिरवत बसू नकोस. पट्टी खिशात घाल आणि जवळचा मोठा दवाखाना गाठ. विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय रात्रीही उघडं असतं. मला फोन तिथं पोचल्यावर कर.