मसूरची बैलगाडी आणि मताचा हक्क



सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. 1901 च्या सुमारास बालवयातील बाबासाहेब भाऊ व भाच्यांसह तेथे उतरले. गोरेगावला नोकरीस असलेल्या वडिलांकडे त्यांना जायचे होते. जात सांगताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर. तो स्वतः पायी चालू लागला. रात्री मुलांना प्यायला पाणीसुद्धा मिळाले नाही.

अमेरिकेत माँटगोमेरी शहरात 1955 साली रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडली नाही. त्यानंतर काळ्या लोकांनी 381 दिवस बसवर बहिष्कार घातला. गाडी निराळी, दुखणे एकच. हे दुखणे टिकले कसे? ज्याला कायदे करणारा निवडता येत नाही, त्याला गाडीतील जागासुद्धा दुसऱ्याच्या मर्जीवर मिळते.

काळ्या पुरुषांना मताचा हक्क 1870 सालीच कागदावर मिळाला होता. पण दक्षिणेकडील राज्यांनी मतासाठी कर लावला, वाचनाची परीक्षा ठेवली. परीक्षक गोरा, मग नापास कोण होणार? 1965 साली सेल्मा येथे शांततेने निघालेल्यांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या, त्यानंतर कायदा झाला. 2013 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचे एक मुख्य बंधन निकामी केले.

आपल्याकडेही 1937 च्या निवडणुकीत सारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांची अट होती. सांगली, मिरज, जत ही तर संस्थाने. तेथील प्रजेला मुंबई विधिमंडळासाठी मतच नव्हते. बाबासाहेबांनी 1928 सालीच सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मत मागितले होते. 1946 साली त्यांनी काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. पुढे संविधानाच्या कलम 326 ने आपल्या आजोबा-आजींना कर न भरता, परीक्षा न देता मत दिले.

आता आपल्या घरी या. दीक्षेनंतर नाव बदलले असेल, तर मतदार यादीत जुनेच नाव राहिले आहे का, ते पाहा; दुरुस्तीसाठी नमुना 8 भरावा लागतो. मुलगी किंवा सून अठरा वर्षांची झाली असेल, तर तिचा नमुना 6 भरून द्या. त्यासाठी वर्षात 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात.