नकाशातील रुग्णालयाचा फेरफटका

सिल्वासा येथील ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचे उद्घाटन ७ मार्च २०२५ रोजी झाले. अशा वास्तूचा नकाशा लगतच्या सामरवरणीतील रुग्णास दिसत नाही. परिचारिकेस दिसला तरी रेषांवरून खोलीचा अदमास येतोच असे नाही. आभासी वास्तवाच्या तंत्रात डोळ्यांवर उपकरण चढवून नियोजित कक्षात खऱ्या मापाने वावरता येते. २.४ मीटर रुंदीच्या मार्गिकेत खाट वळते काय, परिचारिकेच्या जागेवरून शेवटचा रुग्ण दिसतो काय, हे भिंत उभी राहण्यापूर्वीच कळते. एरवी तीच भिंत पुढे पाडावी लागते, तीही रुग्ण आत असताना. मात्र खाटेचे वजन उपकरणात जाणवत नाही. त्यासाठी जमिनीवर फक्कीने कक्ष आखून खरी खाट ढकलून पाहावी. पाहणीस सफाई कामगार व वारली, कोकणा कुटुंबांतील नातेवाईकही बोलवावेत. औषधाच्या खिडकीपुढे उभे तेच राहतात.