रांगेत अडकलेले मेल

सर्व्हरवरून मेल जायची सोय केली की आपण एक चाचणी मेल टाकतो, तो आला की काम संपलं असं धरतो. पुढे कधीतरी तीच सोय मुकाट्याने बंद पडली तर काय होतं, ते मी एका पतसंस्थेत पाहिलं.

तिथला लिनक्स सर्व्हर रोज रात्री खात्यांचा बॅकअप घ्यायचा आणि काही बिघडलं तर मेलने कळवायचा. मेल थेट न जाता पोस्टफिक्समधून संस्थेच्या मेलसेवेकडे रिले होत. एके दिवशी बॅकअपची डिस्क भरली. सर्व्हर रोज कळवत राहिला, पण त्याआधीच कुणीतरी मेलखात्याचा पासवर्ड बदलला होता. एक जुनी नोंद परत हवी झाली, ती सापडेना, तेव्हा मला बोलावणं आलं.

मेलचा लॉग उघडला, तर ओळीमागून ओळ तीच: ५३५ हा आकडा आणि शेवटी ‘स्टेटस=डिफर्ड’. ५३५ म्हणजे समोरच्या सर्व्हरला आपली ओळख पटलेली नाही. लॉगिनच्या अशा नकाराला पोस्टफिक्स तात्पुरती अडचण समजतं, मेल रांगेत ठेवतं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. या प्रयत्नांची मुदत मुळात ५ दिवसांची असते, आणि मेल अडकलाय अशी मधली सूचना आपण सुरू केल्याशिवाय येत नाही. मुदत संपली की ‘पोचवता आलं नाही’ अशी चिठ्ठी पाठवणाऱ्याच्या, म्हणजे इथे रूटच्या, नावाने निघते. पण रूटचे मेल बाहेरच्या पत्त्यावर वळवलेले होते. म्हणजे तक्रारीची चिठ्ठीसुद्धा त्याच बंद दाराशी जाऊन थांबली. यात कुणाला काही कळायला वावच नव्हता, आणि लोकांच्या ठेवींच्या नोंदी त्यावर अवलंबून होत्या.

म्हणून माझं पहिलं सांगणं: मेल बंद असल्याची खबर मेलनेच येईल अशी आशा धरू नका. काही बिघडलं तरच मेल, ही पद्धत सोडा. सगळं ठीक असतानाही रोज सकाळी एक मेल येऊ द्या, आणि तो आला नाही तर विचारणारा माणूस नेमून ठेवा. ‘मेलक्यू’ ही आज्ञा रांग दाखवते. ती अधूनमधून बघायची सवय लावा.

आता मांडणी. ‘रिलेहोस्ट’मध्ये सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहा, म्हणजे पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधत दुसरीकडे जात नाही. पोर्ट ५८७ द्या. २५ वरून बाहेर जाणारी वाट अनेक क्लाउड कंपन्या अडवतात. पासवर्डच्या फाइलमध्येही नाव अगदी तसंच हवं, कंस आणि पोर्टसकट. एवढा फरक राहिला तरी पासवर्ड सापडत नाही आणि लॉगिनच होत नाही. बाहेर जाणाऱ्या मेलच्या सेटिंगची नावं ‘एसएमटीपी’ने सुरू होतात, आत येणाऱ्याची ‘एसएमटीपीडी’ने. या एका ‘डी’पायी लोकांची संध्याकाळ जाते. टीएलएस सक्तीचं ठेवा, नाहीतर पासवर्ड उघडा जाऊ शकतो. डेबियन किंवा उबुंटूवर लॉगमध्ये ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ दिसलं, तर एसएएसएल मॉड्यूलचं पॅकेज बहुधा टाकायचं राहिलेलं असतं.

सर्व्हर फक्त स्वतःचेच मेल पाठवणार असेल, तर पोस्टफिक्सला लूपबॅकवरच ऐकू द्या. बाहेरच्या कुणालाही रिले करू देणारा सर्व्हर स्पॅमवाल्यांना सापडायला वेळ लागत नाही.

चाचणीत लॉगमधलं ‘स्टेटस=सेंट’ बघून थांबू नका. त्याचा अर्थ पुढच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला, एवढाच. ज्याला पाठवला त्याला फोन करून इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही बघायला सांगा. पाठवणाऱ्याचा पत्ता ‘रूट’ आणि सर्व्हरचं अंतर्गत नाव असा राहिला, तर बऱ्याच मेलसेवा तो नाकारतात. तो खऱ्या डोमेनच्या पत्त्यात बदलून घ्या.

सर्व्हरसाठी मेलचं वेगळं खातं काढा, कुणा कर्मचाऱ्याचं वापरू नका. पासवर्डची फाइल फक्त रूटलाच वाचता येईल अशी ठेवा, आणि खात्याचा पासवर्ड बदलणाऱ्याला ती कुठे आहे हे लेखी कळवा. पासवर्ड बदलला की फाइल सुधारायची, ‘पोस्टमॅप’ चालवायचं, मग ‘पोस्टक्यू’ला ‘एफ’ हा पर्याय देऊन साठलेले मेल पुन्हा रवाना करायचे आणि रांग रिकामी झालेली बघूनच उठायचं.