बाळसे की आजार? कॉर्टिसोलच्या अतिरेकाची लक्षणे

"वहिनी, इंग्लंडचे पाणी मानवले हो!" असे कोणी म्हटले की आपण हसून सोडून देतो. पण क्वचित हे बाळसे आजाराचे असते.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे संप्रेरक तयार करतात. सकाळी ते भरपूर असते, मध्यरात्री अगदी कमी. ते सतत जास्त राहिले की कुशिंग्ज सिंड्रोम होतो. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले.

चेहरा गोल व लालसर होतो, पोट सुटते, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो. हातपाय मात्र बारीक होतात. वाढते वजन, रक्तदाब, मधुमेह एवढ्यावरून निदान करायचे तर निम्मे मंडळ रुग्ण ठरेल! खरी खूण वेगळी. कातडी पातळ होऊन जरा लागले तरी काळेनिळे पडते. पोटावर, मांड्यांवर सेंटिमीटरभर रुंद जांभळे पट्टे उमटतात. बाळंतपणाचे वळ पुढे पांढुरके होतात, तसे हे नसतात. खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठवत नाही. पाळी अनियमित होते, हनुवटीवर केस येतात, झोप उडते, मन उदास राहते. चार-पाच वर्षांपूर्वीचा फोटो जी.पी.ना दाखवावा, फरक चटकन कळतो.

सर्वांत मोठे कारण म्हणजे स्टेरॉइड औषधे. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेले प्रेडनिसोलोन आपल्याला माहीत असते. पण भारतातून बॅगेत आलेली गोरेपणाची मलमे? त्यांत बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असू शकते. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइडची भेसळ सापडलेली आहे.

शंका आली तरी नेहमीची स्टेरॉइड गोळी एकदम बंद करू नये. शरीराच्या ग्रंथी तोवर झोपी गेलेल्या असतात. अचानक औषध तुटले तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतते. म्हणूनच २०२० पासून एन.एच.एस. अशा रुग्णांना आणीबाणीचे स्टेरॉइड कार्ड देते. ते पाकिटात ठेवावे.

तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी, रात्री उशिराची लाळ, किंवा रात्री डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी रक्त घेतात. गर्भनिरोधक गोळी चालू असल्यास आधी सांगावे, रक्तातला आकडा त्याने फुगतो. दोष पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीचा निघाला तर शस्त्रक्रिया बहुधा नाकाच्या वाटेने होते. आपल्या कॅमडेनमध्येच, क्वीन स्क्वेअरच्या नॅशनल हॉस्पिटलात, ती सोय आहे.

जी.पी.कडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, गोळ्या आणि पुड्या एका पिशवीत घालून न्याव्यात, सासूबाईंनी पाठवलेल्यासुद्धा.